वेताळाची अट

पुण्याहून आलेल्या भाचीने दोन रात्रींत ‘लुचाई’ वाचून संपवली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या बशीशेजारी आणून ठेवली. खाकी कागदाचे कव्हर घातलेली, शिवण उसवत आलेली ती प्रत मामांनी कित्येक वर्षे जपली आहे. उज्जैनच्या कार्तिक चौकातल्या त्यांच्या घरात ‘लुचाई’चे लेखक, भयकथाकार नारायण धारप यांच्या पुस्तकांचे एक अख्खे कपाट आहे. पुण्या-मुंबईच्या प्रत्येक फेरीत एखाददुसरे पुस्तक आणून ते भरत गेले.

“कशी वाटली?” मामांनी विचारले.

“पहिल्या शंभर पानांत झोप उडाली. मग राग आला. मामा, ही गोष्ट मी आधी वाचली होती. इंग्रजीत.”

मामांनी तीसेक वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. भुतावर त्यांचा काडीचा विश्वास नाही, पण भुताच्या गोष्टीवर नितांत प्रेम आहे. भाची पुण्यात नोकरी करते. स्टीफन किंग तिने कॉलेजात असतानाच वाचून काढला, रत्नाकर मतकरींच्या कथा आईच्या कपाटातून वाचल्या, आणि धारप मात्र राहून गेले होते. २०२५ साली धारपांच्या जन्माला शंभर वर्षे झाली, त्या निमित्ताने मामांनीच तिला आग्रह केला होता. आग्रह करून दिलेल्या पुस्तकावर असा अभिप्राय आल्यावर सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या आरतीपर्यंत वाद चालणार, हे मामींनी तेव्हाच ओळखले आणि दुसऱ्या चहाचे आधण ठेवले.

भाचीचे म्हणणे नवे नव्हते. ‘लुचाई’ ही किंगच्या १९७५ साली आलेल्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे, ‘शपथ’मागे त्याची ‘इट’ आहे, हे धारपांच्या वाचकांत आता उघडपणे बोलले जाते. २०१८च्या ‘तुंबाड’ चित्रपटाने तर ही वंशावळ साऱ्या देशापुढे आणली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने एक गोष्ट सांगितली. ती धारपांची ‘आजी’ होती. आणि धारपांच्या ‘आजी’च्या मागे किंगची ‘ग्रॅमा’ उभी आहे, १९८५च्या ‘स्केलेटन क्रू’ या संग्रहातली. अमेरिकेतल्या मेन राज्यातली म्हातारी अशी पुण्यामार्गे कोकणातल्या पडक्या वाड्यात येऊन पोहोचली.

“म्हणजे मला जी भीती वाटली ती किंगची होती,” भाची म्हणाली. “धारपांनी फक्त कपडे बदलले.”

“कपडे?” मामा खुर्चीत पुढे सरकले. “अगं, किंगचं पिशाच शवपेटीत झोपतं. आपल्याकडे शवपेटी आहे कुठे? आपण माणूस जाळतो. जिथे प्रेतच उरत नाही, तिथे प्रेत रात्री उठून दार वाजवतं, हे वाचकाच्या गळी उतरवायचं म्हणजे नुसतं शिंपीकाम नव्हे.”

हा मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे. युरोपातल्या रक्तपिपासू पिशाचाची सारी यंत्रणा दफनावर उभी आहे: पेटी, थडगे, चर्चचे आवार, क्रूस, छातीत ठोकायची खुंटी. मराठी भुतांचा उगम देहात नाही, राहून गेलेल्या गोष्टीत आहे. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला की त्याचा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. चकवा वाटसरूला त्याच त्या रस्त्यावर फिरवतो. गिऱ्हा पाण्याकडे ओढतो. ब्रह्मराक्षस म्हणजे विद्या असून गती न मिळालेला ब्राह्मण. प्रत्येकाचे ठिकाण ठरलेले, मर्यादा ठरलेली. २०२४ साली ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट देशभर चालला तेव्हा अनेक अमराठी प्रेक्षकांना हे भूत नवे वाटले. कोकणातल्या आजीला मात्र त्याचा पत्ता पहिल्यापासून ठाऊक होता.

भाचीला हे पटत होते, पण तिची मूळ तक्रार वेगळी होती आणि ती तिने जेवणाच्या वेळी पुन्हा काढली. “रूपांतर करावं, मामा. पण नाव घ्यावं. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं १८८३ साली. शेक्सपिअर लपवला का त्यांनी? देवलांचा ‘झुंझारराव’ आला १८९० साली, तो ‘ऑथेल्लो’ आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा जमत होतं, मग शंभर वर्षांनी का जमू नये?”

मामांनी वरणात तूप घातले आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे तुझं खरं आहे. नाव हवं होतं.”

ही कबुली त्यांना सोपी गेली नाही. ज्या पिढीने धारप वाचले तिच्या हातात किंग नव्हता. उज्जैनसारख्या गावात इंग्रजी भयकथा मिळायची नाही, मिळाली तरी झेपायची नाही. अंधारात एखादे दार उघडताना हात का थांबतो, हे त्या पिढीला धारपांनी मराठीत शिकवले. ते ऋण खरे आहे. पण ऋणाची साखळी पूर्ण सांगितली तर धारप लहान होत नाहीत. उलट ज्याचे साहित्य आपण आपल्या मातीत इतके मुरवले त्याचे नाव घेतल्याने मुरवणाऱ्याचे कसबच दिसले असते. या बाबतीत भाचीचे पारडे जड आहे, आणि मामांनी ते हलके करायचा प्रयत्न केला नाही, हे त्यांच्या प्रेमाचेच लक्षण मानायला हवे.

दुपारी मात्र त्यांनी आपला हुकमाचा पत्ता काढला.

“किंगनं ‘सेलम्स लॉट’ कशावरून लिहिली? तो शाळेत शिकवायचा, मुलांना ‘ड्रॅक्युला’ शिकवत होता, आणि ड्रॅक्युला आजच्या अमेरिकन खेड्यात आला तर, असं त्याच्या मनात आलं. ‘ड्रॅक्युला’ ब्रॅम स्टोकरची, १८९७ची. आता त्याच्या मागे जा. १८७० साली रिचर्ड बर्टन यानं लंडनमध्ये एक पुस्तक काढलं. नाव काय? ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’! आपली वेताळपंचविशी, त्यातल्या अकरा गोष्टी. आपल्या वेताळाला त्यानं व्हॅम्पायर म्हटलं. आणि स्टोकर बर्टनला भेटला होता, त्याच्या सुळ्यासारख्या दाताचं वर्णन त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे बघ, भूत निघालं आपल्या उज्जैनच्या मसणवटीतून, गेलं लंडनला, तिथून अमेरिकेत, आणि धारपांनी ते परत घरी आणलं!”

भाची हसली नाही. तिला हा मुद्दा आवडला होता, म्हणूनच तिने तो तपासला. “भेट झाली म्हणजे वारसा मिळाला असं होत नाही, मामा. आणि वेताळ रक्त कुठे पितो? तो प्रेतात शिरतो आणि गोष्टी सांगतो. बर्टननं इंग्रजांना कळेल असा शब्द शोधला, एवढंच. चुकीच्या भाषांतरावरून तुम्ही नातं जुळवताय.”

“बरं,” मामा म्हणाले.

“आणि दुसरं. वेताळ निघाला उज्जैनमधून, हेही कच्चंच आहे.”

इथे भाचीने जे सांगितले ते उज्जैनमध्ये सांगायला धीर लागतो. वेताळकथांचे जुने रूप अकराव्या शतकातल्या काश्मीरमध्ये सोमदेवाने राणी सूर्यमतीसाठी रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त आहे. त्यात राजा विक्रमादित्य नाही आणि गावही उज्जयिनी नाही. राजाचे नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याचे नगर गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. पुढच्या काळात या गोष्टी विक्रमादित्याच्या नावावर जमा झाल्या. सोमदेवाने ज्या ‘बृहत्कथे’चा आधार सांगितला, ती गुणाढ्याने पैशाची भाषेत, पिशाचांच्या बोलीत लिहिल्याची आख्यायिका आहे. सातवाहन राजाने ती नाकारली, तेव्हा सात लाख श्लोकांपैकी सहा लाख गुणाढ्याने अग्नीत टाकले, एक लाख वाचले. भुतांच्या भाषेतली, अर्ध्याहून अधिक जळालेली कथा पैठणहून काश्मीरला आणि तिथून माळव्यात आली, असा तिचा प्रवास परंपरा सांगते.

मामा खट्टू होतील असे भाचीला वाटले. पण ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. “म्हणजे वेताळ मुळात पैठणचा? मराठी मुलखातला? मग आपण शिंद्यांबरोबर माळव्यात आलो त्याच्या आधीच तो येऊन बसला होता की इथे!”

संध्याकाळी दोघे रामघाटावर गेले. थंडीचे दिवस, शिप्रेचे पाणी शांत, आरतीची तयारी चाललेली. चक्रतीर्थाच्या दिशेने धुराची एक रेघ वर जात होती. उज्जैनमध्ये स्मशान गावाबाहेर नाही, ते रोजच्या बोलण्यात आहे. महाकालाची भस्मारती पहाटे होते, भैरवगडावर काळभैरवाला दारूचा नैवेद्य दाखवतात, आणि चक्रतीर्थावर चिता क्वचितच थंड होते. भुताची कादंबरी इथे बसून वाचणे आणि पुण्याच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर वाचणे, यांत फरक पडणारच.

पायऱ्यांवर बसल्यावर भाचीने खरा प्रश्न काढला. उसनवारीचा वाद तिच्या लेखी मिटला होता.

“माझी अडचण अशी आहे की रहस्य आणि भूत एका कादंबरीत नांदू शकत नाहीत. रहस्यकथेत वाचक लेखकाबरोबर डोकं चालवतो. त्यानं पुरावे मोजलेले असतात. आणि शेवटी लेखक म्हणतो, ‘भुतानं केलं.’ मग मी मोजलं कशाला? रोनाल्ड नॉक्सनं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले, त्यात अतींद्रिय शक्ती सरळ बाद केली आहे. ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ बघा. दलदल, शाप, रात्री पेटलेल्या जबड्याचा कुत्रा, सगळं आहे. पण होम्स शेवटी ते फॉस्फरस उघडं करतो. तुमचंच रसायनशास्त्र. मला तो न्याय वाटतो.”

“आणि मला तिथे थोडं वाईट वाटतं,” मामा म्हणाले. “कुत्रा गेला की माळरान रिकामं होतं.”

“मग मतकरी घ्या. ते गूढकथा म्हणायचे, भयकथा नाही. तिथे शेवटपर्यंत कळत नाही की बाहेर काही आहे की माणसाच्या मनात. ते मला चालतं. धारप मात्र सांगून टाकतात: आहे, आणि ते असं आहे.”

मामांनी शिप्रेकडे पाहिले. मग त्यांनी जे सांगितले ते या साऱ्या वादाचा गाभा ठरावे. त्यांनी धारपांचा आधार घेतला नाही, वेताळाचाच घेतला.

“लहानपणी ‘चांदोबा’ यायचा. त्यातलं शंकर यांचं विक्रम-वेताळाचं ते चित्र आठवतं? राजाच्या हातात तलवार, खांद्यावर प्रेत. आता वेताळाची अट काय आहे ते नीट बघ. राजा वाटेत बोलला तर वेताळ परत झाडावर. उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोक्याची शकलं. म्हणजे बोललास तर हरलास, नाही बोललास तर मेलास. भूत आहे म्हणून गोष्टीत ताण नाही. ताण अटीत आहे. वेताळानं एकदाही स्वतःची अट मोडलेली नाही. चोवीस वेळा राजा झाडापर्यंत जातो, आणि चोवीस वेळा नियम तोच. तुझ्या नॉक्सनं भूत बाद केलं ते का? भुताला काहीही करता येतं म्हणून. पण ज्या भुताला काहीही करता येत नाही, ज्याला फक्त एवढंच आणि असंच करता येतं, ते पुराव्याइतकंच प्रामाणिक असतं. मी मुलांना हेच शिकवत आलो. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले तर काय होईल हे ठरलेलं आहे. धारप मला म्हणून आवडले. दुष्ट शक्तींशी लढणाऱ्या त्यांच्या समर्थ आणि अप्पा जोशींच्या गोष्टींत काळोख असा येतो की जणू त्याचाही काही सिद्धान्त आहे.”

भाची लक्ष देऊन ऐकत होती. ड्रॅक्युलाही बोलावल्याशिवाय घरात येऊ शकत नाही, तिला आठवले. ती एक अट उंबरठ्याला हळदकुंकू वाहणाऱ्या, रांगोळी काढणाऱ्या घरात किती सहज रुजेल, हेही तिच्या ध्यानात आले. वाईट कादंबरीत भूत लेखकाच्या अडचणीला धावून येते. चांगल्या कादंबरीत ते स्वतःच अडचणीत असते. ‘लुचाई’ वाचताना पहिल्या शंभर पानांत तिची झोप उडाली होती ती या दुसऱ्या प्रकारामुळे, हे तिने मोकळेपणाने मान्य केले.

“शेवट विसरू नकोस,” मामांना आता रंग चढला होता. “राजाला प्रेत आणायला पाठवणारा कोण? जोगी. रोज फळात रत्न घालून देणारा. आणि तो राजाचा बळी द्यायला टपलेला असतो. हे राजाला सांगतं कोण? भूत! साष्टांग नमस्कार कसा घालायचा तो तूच आधी दाखव, असं त्या जोग्याला म्हण, अशी युक्ती वेताळ शिकवतो, आणि मान वाकवलेल्या जोग्याचं डोकं राजा उडवतो. खुनी माणूस निघतो, साक्षीदार भूत. याहून चांगली रहस्यकथा कुठली? आणि तीही बुवाबाजीच्या विरोधातली.”

बुवाबाजीचा शब्द निघाला आणि भाचीचा चेहरा बदलला. ती पुण्याची आहे. २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तेव्हा ती कॉलेजात होती. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. नरबळी आणि अघोरी प्रथा कायद्याने रोखाव्या लागतात अशा समाजात दुष्ट शक्तींशी लढणाऱ्या सिद्धपुरुषाच्या गोष्टी आपण आवडीने वाचतो, ही बोच तिला खरोखर होती. चक्रतीर्थाकडे हात करून ती म्हणाली, “तिथे अमावास्येला तंत्राच्या नावावर गंडवून घ्यायला माणसं येतात की नाही?”

“येतात. मी वर्गात त्याविरुद्ध बोलत आलो.”

“मग सांगा मामा. वेताळाच्या गोष्टीत जोगी मारला जातो. धारपांच्या गोष्टीत समर्थ जिंकतात. पण समर्थही कोण? ज्यांच्याकडे शक्ती आहे, ज्यांचा शब्द शेवटचा, ज्यांच्यावर विश्वास टाकला की सुटका. एका गोष्टीत जोग्यावर संशय घ्यायला शिकवतात, दुसरीत गुरूच्या पायाशी बसवतात. तुम्ही दोन्हींवर सारखंच प्रेम कसं करता?”

मामा गप्प बसले.

आरती सुरू झाली. दिव्यांच्या रांगा पाण्यात उतरल्या आणि घंटांच्या आवाजात काही मिनिटे बोलणे शक्यच नव्हते. ती थांबल्यावरही मामांनी उत्तर दिले नाही. त्यांनी वेगळीच आठवण काढली. याच गावात गजानन माधव मुक्तिबोध शाळेत शिकवत होते. घर मराठी, थोरला भाऊ हिंदीत लिहू लागला, धाकटे शरच्चंद्र मराठीत. शरच्चंद्रांच्या एका कादंबरीचे नावच ‘क्षिप्रा’. आणि थोरल्याला आयुष्यभर ब्रह्मराक्षसाने धरून ठेवले होते. ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या त्यांच्या गोष्टीत एक मुलगा काशीतल्या भल्यामोठ्या ओसाड वाड्यात बारा वर्षे गुरूकडे शिकतो. शेवटच्या दिवशी जेवताना तूप हवे असते. गुरू जागेवरून उठत नाही. त्याचा हात लांब होत जातो, खोली ओलांडतो, स्वयंपाकघरात जातो आणि तुपाची लोटी घेऊन येतो.

“बारा वर्षं,” मामा म्हणाले. “आणि त्या एका हातानं मागची बारा वर्षं उलटून जातात. गुरूच ब्रह्मराक्षस. विद्या कुणाला तरी देऊन टाकल्याशिवाय त्याची सुटका नाही. अट बघ पुन्हा. पण इथे अट शिष्याच्याही गळ्यात पडते. आता ते ओझं त्याचं.”

“म्हणजे गुरूवर संशयही आहे आणि प्रेमही,” भाची हळू म्हणाली. “पण हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही, मामा.”

“नाही,” मामा म्हणाले. “ते मला माहीत नाही.”

वेताळपंचविशीतला शेवटचा प्रश्न दोघांनाही ठाऊक होता: बाप-लेकाने मुलगी आणि तिची आई यांच्याशी उलटसुलट लग्ने केली, तर त्यांच्या मुलांचे एकमेकांशी नाते काय? त्याचे उत्तर राजाला खरोखरच येत नाही. तो गप्प राहतो, आणि तेवढ्या एकाच वेळी वेताळ झाडावर परत जात नाही, खांद्यावरच राहतो.

परतीच्या गल्लीत चढ लागतो. मामांचा गुडघा दुखतो म्हणून भाचीने त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. हरसिद्धीच्या देवळातल्या दीपमाळा लांबून दिसत होत्या. घरी पोहोचल्यावर तिने ‘लुचाई’ कपाटात ठेवली नाही. तिचे खाकी कव्हर काढून उसवलेली शिवण दोऱ्याने घट्ट केली, आणि मामींकडून नवा कागद मागून घेतला. कव्हर चढवून झाल्यावर तिने आतल्या पानावर पेन्सिलीने, बारीक अक्षरात, दुसरे नाव लिहिले: स्टीफन किंग. मामांनी चष्मा लावून ते वाचले, पेन्सिल तिच्या हातातून घेतली आणि त्याखाली आणखी एक नाव लिहिले: ब्रॅम स्टोकर. मग पेन्सिल तशीच हातात धरून, आणखी खाली जागा किती उरली आहे ते ते बघत राहिले.